पीळ जातो, सुंभ राहतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर निवृत्तीनंतर खडूला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारच्या सीटवरून, प्रश्न तोच: "बाई, मासे जास्ती शिजयले तर त्यातला प्रोटीन मरता काय?" हल्ली विचारणाऱ्यांत जिमला जाणारी पोरं फार. माझा भाचा तर याच धास्तीने रोज सकाळी दोन कच्ची अंडी नाक दाबून पितो.

मरत नाही. मुळात ते जिवंत नसतंच. पण टोपात काहीतरी होतं, हे मात्र डोळ्यांना दिसतं. परवा कोळंबी टाकली तेव्हा ती राखाडी, जराशी निळसर होती. तिरफळं ठेचून होईपर्यंत केशरी झाली. तो रंग मसाल्याचा नव्हे. अस्टाझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य तिच्या कवचात आधीपासून असतं, पण एका प्रथिनाच्या घडीत आवळून बसलेलं, म्हणून निळसर दिसतं. उष्णतेने घडी उसवली की ते सुटतं आणि आपला खरा रंग दाखवतं. चिंबोरीचंही तेच.

ही घडी समजायला माझी आजी आठवावी लागते. पडवीत बसून ती काथ्याचा सुंभ वळायची. प्रथिनाचंही आधी सूत, मग पीळ. सूत म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या छोट्या रेणूंची साखळी. त्यांचे प्रकार मुख्यतः २०. एकाचं कार्बोक्सिल टोक दुसऱ्याच्या अमिनो टोकाला जुळतं, मधून पाण्याचा एक रेणू निघून जातो, आणि जो सांधा तयार होतो तो पेप्टाइड बंध. हा भलताच चिवट. प्रयोगशाळेत तो तोडायचा तर प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. तुमचं अर्ध्या तासाचं कालवण त्याचं काय वाकडं करणार!

पीळ मात्र नाजूक. साखळी स्वतःभोवती मळसूत्रासारखी वळते, दर वेढ्याला साधारण ३.६ अमिनो आम्लं. ही रचना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडली. वेढे धरून ठेवतात ते हायड्रोजन बंध. एकेकटा घेतला तर अगदीच लेचापेचा, पण असतात पुष्कळ. शिवाय पाण्याशी न जमणारे भाग आत दडून बसतात, धन आणि ऋण भार एकमेकांना ओढतात, कुठे दोन गंधक अणूंची पक्की गाठ बसते. केस जळल्यावर जो वास येतो, तो या गंधकाचाच. टोपातली उष्णता यातले दुबळे बंध सोडवते. भार बिघडवायला तर चूलही लागत नाही. बांगड्याला कोकमाचं आगळ आणि मीठ लावून ठेवा, थोड्या वेळाने कडा पांढरट, घट्ट होतात. ते काम आंबटाचं.

मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर "उष्णतेने प्रथिने नष्ट होतात" असं लिहीत होते. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग उकडलेल्या अंड्यात काय उरतं?" तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी आपली म्हण; टोपात नेमकं उलटं. पीळ जातो, सुंभ शाबूत. तो सुंभ कापण्याचं काम पुढे जठरात पेप्सिन आणि आतड्यात ट्रिप्सिन ही पाचक विकरं करतात, आणि पीळ सुटलेला असला की त्यांना कापायला सोपं जातं. म्हणजे भाचा नाक दाबतोय ते तोट्यासाठी. (करपवलंत तर थोडं नुकसान होतं, ते वेगळं.)

उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, कारण सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. वाऱ्यात रापणीचं जाळं गुरफटावं तशा. पण सगळ्यांचंच असं होत नाही. माशाच्या कातडीत, हाडांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. तीन सुतं एकत्र वळलेला हा खराखुरा दोर. गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मद्रासमध्ये त्याची तिपेडी रचना मांडली. दर तिसरी जागा ग्लायसीन या सगळ्यांत लहान अमिनो आम्लाची, कारण पेडांच्या मधोमध त्याहून मोठं काही मावतच नाही. शिजताना हा दोर उसवतो, त्याचं जिलेटिन होतं. थंड झालं की काही पेड पुन्हा वळले जातात.

गेल्या रविवारी भाच्याने फ्रीज उघडला. आदल्या दिवशीचं सुरमईच्या डोक्याचं कालवण होतं. वरचा पांढरा थर नारळाच्या तेलाचा, पण त्याखालचं सगळं थलथलत होतं. "मावशी, हे खराब झालंय."

"खराब नाही रे, परत वळलं गेलंय," म्हटलं, आणि टोप गॅसवर ठेवला. दोन मिनिटांत पातळ झालं. तीन भाकऱ्या खाल्ल्यान त्याने.