परक्या घराण्याची वंशावळ: तुम्ही विचारलंत म्हणून

"आडनाव मराठी, घरात बोलणं मराठी, मग या इंग्रजांचे खापरपणजोबा तुम्ही कशाला शोधत बसता?" पुण्याला गेले की नातेवाईक विचारतात आणि इथे मॅसॅच्युसेट्समध्ये गणपतीला जमलेली मंडळीही विचारतात. उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सुरुवात शेजारच्या आजींपासून झाली. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू झालेली. एका दुपारी त्यांनी चार घड्या घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या आजीच्या हातची, शाईने लिहिलेली नावांची उतरंड होती ती. सगळ्यात वर जॉन हाऊलँड, इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० साली अमेरिकेतल्या प्लिमथला आलेला. त्याच्याशेजारी बायको एलिझाबेथ, 'गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी'. "हे खरं आहे का, एवढंच मला सांग," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले ते मोडीच्या भरवशावर. माझे आजोबा मोडी वाचायचे, त्यांच्याजवळ बसून मीही शिकले होते. सतराव्या शतकातली इंग्रजी दप्तरं 'सेक्रेटरी' नावाच्या वळणात लिहिलेली असतात. भाषा ओळखीची आणि अक्षर मात्र अनोळखी, ही अवस्था मोडी वाचणाऱ्याला नवी नसते. एक अक्षर पक्कं ओळखायचं, ते पानभर शोधायचं, मग त्याच्या शेजारचं आपोआप सुटतं.

वंशावळ नेहमी खालून वर चढायची, हा पहिला धडा. मोठ्या माणसाचं नाव आधी धरून खाली आलं की मन हवं ते जुळवून घेतं. आपल्यापासून मागे जायचं आणि प्रत्येक पायरीवर थांबून विचारायचं, या मुलाचा बाप हाच, कशावरून? न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागात, याला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते. तिथले प्युरिटन, म्हणजे कडव्या वळणाचे प्रोटेस्टंट, लग्नाला धर्मविधी न मानता करार मानत, त्यामुळे लग्नं दंडाधिकाऱ्यासमोर लागत आणि जन्म, लग्न, मृत्यू गावच्या कारकुनाच्या वहीत चढत. त्याच्या जोडीला मृत्युपत्रं, जमिनीची खतं, आणि माणूस गेल्यावर घरातल्या वस्तूंची केलेली यादी.

तरीही मी चुकले. खालून पाचव्या पिढीत एका नावापुढे 'सीनियर' आणि दुसऱ्यापुढे 'ज्युनियर' पाहून मी त्यांना बापलेक ठरवलं आणि त्यावर अख्खा हिवाळा काम केलं. त्या काळात एकाच गावात एका नावाचे दोघे असले, तर थोरल्याला सीनियर म्हणत आणि धाकट्याला ज्युनियर. नातं असायलाच हवं असं नाही. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई! सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं.

नात्यांचे शब्द तर आणखी फसवे. आपण चुलत, आते, मामे, मावस असं वेगळं सांगतो, नुसत्या शब्दावरून माणूस कोणत्या बाजूचा ते कळतं. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'कझिन', आणि सतराव्या शतकात तर पुतण्या-भाच्यालाही कझिन म्हणून टाकत. 'डॉटर-इन-लॉ' म्हणजे सून असेल किंवा सावत्र मुलगीही असेल. मराठी डोक्याला हे खटकतं, म्हणून ते तिथे थांबतं आणि विचारतं. याचा मला फार उपयोग झाला.

मग तारखा. जॉन हाऊलँडचं मृत्युपत्र २९ मे १६७२ चं आहे. प्लिमथच्या दप्तरात त्याच्या मृत्यूची नोंद २३ फेब्रुवारी १६७२ ची आहे. आधी मरण आणि तीन महिन्यांनी मृत्युपत्र, हे कसं? तर इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे १६७२ चा फेब्रुवारी त्या वर्षाच्या मे महिन्यानंतर येतो. आपल्या हिशोबाने ते १६७३. आपण शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवतो आणि पौष-माघातली तारीख असेल तर बहुधा ७९, तसंच हे. पुढे १७५२ साली इंग्लंडने १ जानेवारी धरली आणि कॅलेंडरातले ११ दिवस गाळले. म्हणून जाणकार १६७२/७३ अशी जोडतारीख लिहितात.

सगळ्यात वरची पायरी राहिली होती, एलिझाबेथ. प्लिमथचा पहिला गव्हर्नर कार्व्हर, त्याची ती मुलगी ही गोष्ट घराघरात इतकी रुजली होती, की एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवर हाऊलँडसाठी शिळा बसवली तीवरही तेच कोरलं. हाऊलँड हा कार्व्हरचा नोकर म्हणून जहाजावर चढला होता, त्यातून हा समज निघाला असावा. प्लिमथचा दुसरा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा वृत्तान्त स्वतःच्या हाताने लिहिला होता. ती वही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास बॉस्टनमधून नाहीशी झाली होती. १८५५ साली ती लंडनला, फुलहॅम इथल्या बिशपच्या ग्रंथालयात असल्याचं कळलं आणि पुढच्या वर्षी छापली गेली. तिच्या शेवटी जहाजातल्या माणसांची यादी आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ. आईबाप किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले. मुलीचं पुढे जॉन हाऊलँडशी लग्न झालं. बेडफर्डशायरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही आहे, ऑगस्ट १६०७.

हे मी आजींना सांगितलं तेव्हा मला भीती होती, गव्हर्नर हातचा गेला म्हणून त्या हिरमुसतील. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तेरा वर्षांची पोर त्या पहिल्या हिवाळ्यात एकटी राहिली?" हो. त्या हिवाळ्यात १०२ पैकी निम्मी माणसं गेली, आणि ती राहिली. तिला दहा मुलं झाली. आजींनी कागदावरच्या 'कार्व्हर'वर बोट ठेवलं आणि ते खोडून टिली लिहायला मला सांगितलं.

खरं उत्तर इथे आहे. माझी स्वतःची वंशावळ नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहे, आम्ही गेलो की गुरुजी नावं वाचून दाखवतात आणि आम्ही हात जोडतो. तपासावं असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. परक्या घराण्याबद्दल मला माया नव्हती, म्हणून मी तिथे तपासायला शिकले. आणि तपासता तपासता माया लागली.

याच नादात मी बेंजामिन फ्रँकलिनच्या घराण्याकडे वळले. त्याचा बाप जोसाया, इंग्लंडमध्ये रंगारी. १६८३ साली बायको आणि तीन मुलं घेऊन बॉस्टनला आला. तिथे रंगकामाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मेणबत्त्या आणि साबण करू लागला. १७५८ साली फ्रँकलिन कामानिमित्त इंग्लंडमध्ये होता, तेव्हा मुलगा विल्यमला घेऊन बापाच्या गावी, नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एक्टनला गेला. इंग्लंडात चर्चने बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लिहून ठेवावीत हा हुकूम १५३८ चा. एक्टनची वही त्याला १५५५ पासूनची मिळाली. तिच्यावरून त्याला कळलं, की पाच पिढ्या आपण धाकट्याचे धाकटे. त्याचा चुलता थॉमस याने वर्गणी काढून गावच्या चर्चच्या मनोऱ्यात घंटांचा संच बसवला होता, त्याही त्यांनी वाजताना ऐकल्या. हा चुलता आपल्या जन्माच्या चार वर्षं आधी, त्याच तारखेला वारल्याचं फ्रँकलिनने लिहून ठेवलंय. दोघांच्या स्वभावातलं साम्य ऐकून विल्यम म्हणाला होता, की चुलता तुमच्या जन्माच्याच दिवशी वारला असता तर पुनर्जन्मच वाटला असता.

चर्चच्या अंगणात पूर्वजांचे दगड होते, पण शेवाळाने अक्षरं दिसत नव्हती. रेक्टरच्या, म्हणजे तिथल्या धर्मोपदेशकाच्या, बायकोने पाण्याचं भांडं आणि कडक ब्रश मागवला. पीटरने दगड घासून लख्ख केले आणि विल्यमने नावं उतरवून घेतली. फ्रँकलिनने हे बायकोला पत्रात कळवलंय.

पीटर हा फ्रँकलिनचा गुलाम होता. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. ज्या हाताने शेवाळ निघालं आणि एका घराण्याची पाच पिढ्यांची ओळ मोकळी झाली, त्या हाताच्या मागे नोंदीत बाप नाही, आडनाव नाही, गाव नाही. न्यू इंग्लंडच्या जुन्या याद्यांमध्येही मला अशी नावं भेटतात. पितळी भांडी, खाट, बैलजोडी, आणि त्याच यादीत एका मुलाचं नुसतं नाव आणि पुढे किंमत. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत तर दक्षिणेतल्या गुलामांच्या याद्यांत जवळजवळ कुठेच नाव नाही, मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. बहुतेकांची नावं देशाच्या शिरगणतीत पहिल्यांदा आली ती १८७० साली.

म्हणून मी दोन वह्या ठेवते. एकीत ज्या घराण्याचं काम चालू आहे त्याच्या पिढ्या. दुसरीत, त्या घराण्याच्या कागदांत वाटेत भेटलेली आणि कुणाच्याच वंशावळीत न बसलेली नावं, कागद, तारीख आणि पानासकट. उद्या त्यांचं कुणी खालून वर चढत आलं, तर एखादी पायरी तरी हाताशी असावी. फ्रँकलिनच्या १७५७ च्या मृत्युपत्रात लिहिलंय, की आपल्यामागे पीटर आणि त्याची बायको जेमायमा यांना मुक्त करावं. दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर ती दोन नावं शेजारी शेजारी आहेत.