भिंत हलली पाहिजे

दार जोरात आपटलं की भिंत हलली पाहिजे. टीव्हीवरच्या विनोदाकडून माझी एवढी साधी अपेक्षा आहे. घर प्लायवुडचं आहे, मागून टेकू लावून उभं केलंय, आणि तरी आतला माणूस स्वतःला सात पिढ्यांचा जमीनदार समजतोय, हे दोन्ही एकाच वेळी दिसायला हवं. त्याच्या मिशीचं एक टोक सुटलेलं आहे. ते त्याला ठाऊक आहे, समोरच्या नटाला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. पण त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

आमच्या घरात या आवडीला प्रतिष्ठा नाही. मोठ्या पडद्याचा टीव्ही आला तेव्हा मुलानं आधी समुद्राखालच्या जिवांचा माहितीपट लावला आणि माशाचा एकेक खवला मोजता येतो का ते पाहिलं. त्याच पडद्यावर मी पुठ्ठ्याचा मासा पाहते. दोरीसकट.

मला आवडतात त्या प्रहसनांना शेंडा ना बुडखा. समजा, एक माणूस आपली सावली जमा करायला बँकेत आला आहे. खिडकीतला कारकून मान वर न करता विचारतो, ‘बचत खात्यात की मुदत ठेवीत?’ माणूस म्हणतो, मुदत ठेवीत, म्हातारपणी उपयोगी पडेल. कारकून पट्टी काढून सावली मोजतो, सकाळची आहे म्हणून लांब भरतेय असा शेरा मारतो, आणि दुपारी बारानंतर याल तर शिल्लक कमी दिसेल, तक्रार चालणार नाही, असंही बजावतो. मग झेरॉक्स मागतो. सावलीचीच.

आता याला लागतं काय? एक टेबल, दोन खुर्च्या, एक रबरी शिक्का. हेच प्रहसन खऱ्याखुऱ्या बँकेत चित्रित करा. काचेची दारं, टोकन देणारं यंत्र, मागे कर्जाच्या व्याजदरांचे फलक. एका मिनिटात सगळं कोसळेल. एवढ्या खऱ्या बँकेत असं कसं चालेल, हा प्रश्न आपल्या मनात येणारच. टेबलाच्या बँकेत तो येत नाही. ज्यानं मुळात टेबलालाच बँक म्हणून मान्यता दिली, त्याचं सावलीपाशी काय अडणार? पहिली थाप पचली की दुसरी आपसूक पचते. पैसा थोडा असला की ही पहिली थाप पहिल्याच क्षणी, उघडउघड मारावी लागते, आणि पाहणारा तिथेच कटात सामील होतो. श्रीमंत निर्मितीला तो सामील झालेला नकोच असतो. त्यानं फक्त थक्क होऊन बसावं, एवढंच तिला हवं असतं.

इंदूरच्या मराठी घरांत मराठी वाहिन्या आल्या त्या केबलबरोबर, बऱ्याच उशिरा. तोवर आमचं हसणं दिल्लीहून येणाऱ्या कार्यक्रमांच्या भरवशावर. १९८९मध्ये दूरदर्शनवर जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ लागला. भट्टी शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर, काही काळ वर्तमानपत्रात व्यंगचित्रकार. मालिकेत त्यांच्या बायकोचं काम करणाऱ्या सविता भट्टी घरीही त्यांच्या पत्नीच. भाग मोजून दहा. सेट म्हणावा तर कोणाच्या तरी बैठकीची खोली, पडद्यांसकट उसनी आणल्यासारखी. पीएच.डी.चा मार्गदर्शक विद्यार्थ्याला प्रबंध सोडून घरकामाला जुंपतो, आणि विद्यार्थी ते संशोधनाच्याच निष्ठेनं करतो. शेवटी एखाद्या सिनेमाच्या गाण्याची चाल पकडून सगळे विडंबन गात. माझे बाबा सरकारी नोकरीत होते. ते हा कार्यक्रम एकही भाग न चुकवता पाहत, पण हसत नसत. ‘बरोबर आहे,’ म्हणत.

भट्टींचा चेहरा आठवा. विनोद करतोय याची कबुली त्या चेहऱ्यानं कधी दिली नाही. अतर्क्य गोष्टीला हसरा नट चालत नाही. तिला तलाठ्याच्या चेहऱ्याचा माणूस लागतो.

विलायतेत या प्रकाराचा एक मूळपुरुष होऊन गेला, स्पाइक मिलिगन. तो जन्मला आपल्या नगरला, १९१८ साली. बाप ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत, त्यामुळे बालपण पुण्यात आणि पुढे रंगूनला. नगरचं आता अहिल्यानगर झालंय. ज्या जिल्ह्यातल्या चौंडीनं आम्हा इंदूरकरांना अहिल्याबाई दिल्या, त्याच जिल्ह्यानं इंग्रजांना हा अवलिया द्यावा, हा हिशेब मला फार आवडतो. (फायद्यात कोण राहिलं ते उघड आहे, पण इंग्रजही अगदीच तोट्यात गेले नाहीत.)

मिलिगनचा ‘क्यू फाइव्ह’ हा प्रहसनांचा कार्यक्रम १९६९च्या मार्चमध्ये बीबीसीवर सुरू झाला. त्याच्या या ‘क्यू’ मालिकांमधल्या नटांच्या अंगावरच्या कपड्यांना बीबीसीच्या कपडेपटाच्या चिठ्ठ्या तशाच लोंबत असायच्या. सेनापती असो की भिकारी, चिठ्ठी कायम. एखाद्या प्रहसनाला शेवट सुचला नाही तर सगळे नट कॅमेऱ्याच्या दिशेनं पावलं टाकत ‘आता काय करायचं?’ असं पुटपुटत यायचे, आणि संपलं! मी एकांकिका लिहिण्याचे प्रयोग करायची त्या काळात मला हे ठाऊक असतं, तर माझं अर्धं आयुष्य शेवट शोधण्यात गेलं नसतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘माँटी पायथन’ या विलायती विनोदी टोळीतल्या मंडळींचा कार्यक्रम आला. मिलिगनचा कार्यक्रम पाहून ही मंडळी हबकलीच होती, आपल्याला जे करायचंय ते या गृहस्थानं आधीच करून ठेवलंय म्हणून. मग त्यांनी त्याचाच दिग्दर्शक आपल्याकडे घेतला. त्यांच्या टेरी गिलियमनं जुनी छायाचित्रं आणि एकोणिसाव्या शतकातली छापील चित्रं कात्रीनं कापली आणि कॅमेऱ्याखाली हातानं सरकवत नेली. वेळ कमी, पैसा कमी, कात्री धारदार. आकाशातून एक प्रचंड पाऊल खाली येतं आणि सगळं चिरडून टाकतं. ते पाऊल एका जुन्या इटालियन चित्रातल्या मदनाचं आहे. याच टोळीला १९७५च्या सिनेमात घोडे परवडेनात, तेव्हा राजा नुसताच दुडदुडत चालला आणि मागून त्याचा सेवक नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटत राहिला. घोडे परवडले असते तर तो सिनेमा आज कोणाला आठवला असता कोण जाणे.

नारळाची करवंटी पाहून आपल्याला खरं तर नवल वाटायला नको. तमाशातल्या वगात राजा स्टेजवर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावाला पोचतो. रस्ता, टोलनाका, काही नाही. मावशीचं काम करणाऱ्या बाप्याच्या ओठावर मिशीची निळसर रेघ असते आणि गवळणी तिला मुकाट्यानं मावशी म्हणतात. ज्ञानेश्वरांच्या नावावर तर काट्याच्या अणीवर तीन गावं वसवणारा अभंगच आहे. कीर्तनकार त्याचा गूढार्थ सोडवून सांगतात, तो असेलही. लहानपणी मला त्यातले न शिजणारे मूग आणि न जेवणारा पाहुणा एवढेच पुरेसे वाटायचे. अर्थ सांगायला सुरुवात झाली की मी प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

आणि इंदुरात वाढलेल्या माणसाला हे सगळं टीव्हीनं शिकवायची गरजच नव्हती. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी इथे बजरबट्टू संमेलन भरतं, आणि एरवी भुवया आवळून फिरणारे पुढारी नाना सोंगं काढून मिरवतात. पण माझ्या मनात खरी जागा आहे ती अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे हलत्या देखाव्यांच्या चित्ररथांना. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा कापड गिरण्यांच्या झांक्या रात्रभर शहरातून फिरतात, पुढे आखाडे, मागे ढोल. रामबागेतून आम्ही संध्याकाळी लवकर जेवून निघायचो आणि कोणाच्या तरी ओट्यावर जागा धरायचो. आत्या डब्यात शेव-चुरमुरे घेऊन यायची, ते पहिल्या झांकीच्या आधीच संपायचे.

झांकीत कुंभकर्ण झोपलेला असे. पोट वर-खाली होई, मग एक हात उठे, डोळे उघडत, राक्षस ढोल बडवत. सगळं मोटर आणि पट्ट्यावर. आणि दर वेळी कुठे तरी काही तरी अडकायचंच. हात अर्ध्यावर थांबे, मग कुंभकर्णाच्या कानामागून बनियनवर एक गृहस्थ पाना घेऊन उगवत, दोन ठोके मारत, हात सुरू होई आणि गृहस्थ पुन्हा कानामागे मावळत. गर्दी दोघांनाही टाळ्या देई. हा माणूस दिसतोय म्हणून कुंभकर्ण खोटा पडला, असं कोणालाच वाटलं नाही. उलट लंकेत एवढा मोठा माणूस सांभाळायचा तर एखादा फिटर लागतच असणार, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली. कामगारांना थकलेली देणी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात पगार नाही, गिरणी नाही, भोंगा नाही. पण करोनाची वर्षं सोडली तर वर्गणी काढून, मिळेल ती मदत घेऊन हे लोक राक्षस बनवत राहिले. बंद गिरणीतून दर भाद्रपदात चालता-बोलता हत्ती बाहेर पडतो, यापेक्षा अतर्क्य गोष्ट मिलिगनलाही सुचली नसती. आणि तिच्यात हसण्यासारखं किती आणि गप्प होण्यासारखं किती, याची वाटणी मला अजून जमलेली नाही.

आता मराठी वाहिन्यांवर प्रहसनांची चंगळ आहे, आणि इंदुरातही ती सगळी दिसतात. २०१४मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाला तेव्हा नकाशावर नसलेल्या थुकरटवाडीला जितके रहिवासी इंदुरातून मिळाले, तितके नगरपालिकेनं मागितले असते तरी मिळाले नसते. भलत्या मापाचे विग, साडी नेसलेले दांडगे पुरुष, गाजलेल्या सिनेमाची दहा मिनिटांत लावलेली वाट. मला हे सगळं मान्य आहे. मात्र हल्ली काही ठिकाणी एक खोड शिरली आहे. विनोद झाला रे झाला की ‘टुंग’ असा आवाज येतो आणि कॅमेरा सोफ्यावर बसून हसणाऱ्या पाहुण्यांकडे वळतो. अहो, मिशी सुटली ती नेमकी त्याच क्षणी! मला पाहुण्यांचे दात पाहायचे नव्हते, त्या माणसानं मिशीचं काय केलं ते पाहायचं होतं. हसायचं कुठे हे दुसरं कोणी सांगू लागलं की माझ्याकडे काही कामच उरत नाही. आणि सेट असे चकचकीत, की दार आपटलं तरी काही हलत नाही.

यंदा आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवातही हीच हवा आली होती. मुलांची नाटुकली होती. जंगलात वाट चुकलेला पोस्टमन, आणि त्याला पत्ता सांगू शकणारं, पण आजवर आपल्या नावानं एकही पत्र आलं नाही म्हणून रुसून बसलेलं झाड. झाडासाठी हिरवी चादर आणि कडुलिंबाच्या डहाळ्या ठरल्या होत्या. तेवढ्यात मॉड्युलर किचनच्या एका दुकानदारांनी स्टेजमागे एलईडी पडदा लावून द्यायची तयारी दाखवली. मंडळाच्या बैठकीत टेंटवाला म्हणाला, ‘भिया, पूरा जंगल आ जाएगा. पत्ते भी हिलेंगे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष काका म्हणाले, ‘मग आता चादरीचं झाड कशाला? काढून टाकू.’ मी विरोध केला, तो इतिवृत्तात ‘एका सदस्येनं वेगळं मत मांडलं’ असा नोंदला गेला.

पण दुकानदारांचा मुलगा रोज तालमीला येऊन बसत होता, आणि त्याला झाडच व्हायचं होतं. पोस्टमन नको, वाघ नको, झाड. दोन दिवस तो घरी जेवला नाही म्हणे. शेवटी दुकानदार काकांकडे आले आणि म्हणाले, झाड असू द्या, पडद्यावर मग आमची जाहिरातच चालू ठेवा.

तसंच झालं. मागे पडद्यावर धुराच्या चिमण्या आणि ड्रॉवर लखलखत उघडत-मिटत होते, पुढे हिरवी चादर पांघरून झाड ताठ उभं होतं. पोस्टमननं काकुळतीला येऊन पत्ता विचारला. झाडानं थोडे आढेवेढे घेतले, मागे वळून पडद्याकडे नीट पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, ‘सरळ जा, आणि मॉड्युलर किचनवरून डावीकडे वळा.’