मंडपमच्या गुडघाभर पाण्यात

मंडपमला सहसा कुणी उतरत नाही. सगळे पांबनचा पूल ओलांडून रामेश्वरला जातात. आम्ही तिघं फेब्रुवारीत मुद्दाम उतरलो, तेही समुद्रातलं गवत बघायला. घरी हे सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नव्हतं.

पहिला दिवस वाया गेला, आणि चूक आमचीच. मंडपम म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी, उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचं आखात. पाल्कच्या बाजूची कुरणं दाट असतात एवढं वाचून दुपारी तिकडे उतरलो. फेब्रुवारीत अजून ईशान्येचा वारा असतो आणि तो थेट याच किनाऱ्यावर आदळतो. पाणी इतकं गढूळ की बुडवलेल्या हाताची बोटं दिसेनात. जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी आमची फजिती पाहिली. त्यांनी दक्षिणेकडे हात केला, मग पूर्वेच्या क्षितिजावर बोट ठेवलं. भाषा येत नसूनही कळलं: पलीकडे जा, आणि सकाळी जा.

तेव्हा जाणाऱ्यांनी किनारा वाऱ्यावरून ठरवा. ईशान्येचा वारा असेल तर दक्षिण बाजू शांत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात उत्तरेची. मार्चअखेर ते एप्रिल दोन्हीकडे चालतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाळा, तेव्हा जाऊच नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी गाठा, पण कोकणासारखं पाणी लांबवर हटेल अशी आशा नको. इथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच पाण्यात होतो. पाणी गुडघाभर, तळ स्वच्छ. आधी दिसली हॅलोफिला ओव्हॅलिस, नखाएवढ्या अंडाकृती पानांच्या जोड्या वाळूवर पसरलेल्या. पुढे सायमोडोसिया, पट्टीसारखी पानं, टोकाला बारीक दाते (दाते बघायला भिंग लागतं, नेलेलं बरं). मध्येच सिरिंगोडियम, त्याची पानं गोल, शेवयांसारखी. आणि जरा खोलात एनहॅलस, हाताहून लांब पातं, बुडाशी जुन्या पानांचे काळे राठ केस.

गवत हे नावापुरतंच. या वनस्पती एकदल आहेत, पण खऱ्या गवतापेक्षा अळूच्या जास्त जवळच्या. शैवालही नव्हेत, यांना मुळं आहेत, फुलं येतात, बी धरतं. जमिनीवरच्या पूर्वजांचे वंशज पुन्हा पाण्यात शिरले, आणि खाऱ्या पाण्यापर्यंत ही वाट किमान तीन वंशशाखांनी वेगवेगळी गाठली. त्यातल्या दोन शाखा त्या सकाळी माझ्या दोन पावलांच्या अंतरात होत्या: हॅलोफिला आणि एनहॅलस एकीतले, सायमोडोसिया आणि सिरिंगोडियम दुसरीतले. तिसरी, झोस्टेराची, थंड समुद्रांत भरभराटते. तिचा जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पर्णरंध्रं, म्हणजे पानांतून हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, घडवणारी जनुकंच तिने गमावल्याचं दिसलं. पाण्याखाली ती हवीत कशाला!

साडेआठच्या सुमारास पाण्यावर पांढरे कण तरंगताना दिसले. थर्माकोलचा चुरा समजून मी वैतागलो. मैत्रिणीने तळहातावर एक घेतला आणि गप्प झाली. ती एनहॅलसची नरफुलं होती, देठापासून सुटून वर आलेली. हाताच्या अंतरावर मादीफुलाच्या चुरगळल्यासारख्या पाकळ्या पाण्यावर पसरल्या होत्या आणि दोन-तीन कण त्यांना जाऊन चिकटले होते. मत्स्यटाकीत लावतात ती व्हॅलिस्नेरिया गोड्या पाण्यात हेच करते; दोघी एकाच कुळातल्या. इतर बहुतेक समुद्री गवतांचं परागण पाण्याखाली उरकतं, सायमोडोसियाच्या शाखेत तर पराग चक्क दोऱ्यासारखे लांब असतात. एनहॅलसला मात्र अजून वरची हवा लागते.

ड्युगाँग, म्हणजे समुद्रगाय, दिसेल म्हणून जाऊ नका, आम्हालाही दिसला नाही. तो जगतो याच गवतावर. पाल्कच्या उपसागरात त्याच्यासाठी २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचं संवर्धन क्षेत्र जाहीर झालं, ते मंडपमहून बरंच उत्तरेला, तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्याला लागून. मन्नारच्या आखातातली २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात, तिथे परवानगीशिवाय उतरता येत नाही. कुणी ‘नेतो’ म्हणालं तरी नको म्हणा. किनाऱ्यालगत बघायला भरपूर आहे.

जाड तळव्याचे बूट घाला, सागरी साळू (काटेरी गोळ्यासारखे सी अर्चिन) पानांत दडलेले असतात. पाऊल वाळूच्या मोकळ्या जागेत टाका, तेही उचलून नाही, घासत न्या, म्हणजे वाळूतला पाकट आधीच निसटतो. पोहण्याचे पंख नकोत, गाळ उडतो. काहीही उपटू नका. वाहून आलेली पानं किनाऱ्यावर पडलेली असतात, ओळखायला तीच घ्या. होडी केलीत तर नांगर वाळूत टाकायला आधीच सांगा.

हे शेवटचं आम्हाला उशिरा सुचलं. निघताना शेजारच्या होडीने नांगर ओढला, त्याला सायमोडोसियाचा गड्डा अडकून आला: वीतभर आडवं खोड, पांढरी मुळं, चार कोवळे कोंब. नावाड्याने झटकून तो पाण्यात टाकला. पानांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे तो बुडेना. आम्ही बूट धुवेपर्यंत तिथेच तरंगत होता.