दोन पासपोर्ट आणि डोमिसाईलचा घोळ

गेल्या वर्षी मे महिन्यात सांगलीहून नणंदेचा फोन आला. आमच्या लेकीने मेडिकलचे फॉर्म भरायला घेतलेत हे कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं (कुणीतरी म्हणजे माझाच नवरा, त्याच्या पोटात काही राहत नाही) आणि ताईंचं पहिलंच वाक्य, "तुला कसलं गं टेन्शन, तिच्याकडे अमेरिकेचा पण पासपोर्ट आहे, कॅनडाचा पण आहे, कुठेही मिळेल तिला." मागून सासूबाईंचा आवाज आला, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी गं बाई." ताई फोनवर हसल्या, मीही हसले. डिसेंबरपर्यंत तरी सासूबाईच बरोबर होत्या.

थोडं मागचं सांगते. लेक जन्मली एडिसनला, न्यू जर्सीत, २००४ साली. आम्ही दोघं एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, पण ती तिथे जन्मली म्हणून अमेरिकन. चार वर्षांनी ग्रीन कार्डच्या रांगेला कंटाळून आम्ही कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाला आलो, आधी पीआर म्हणजे कायमचा रहिवास, मग काही वर्षांनी सिटिझनशिप, तेव्हा तीही आमच्याबरोबर कॅनेडियन झाली. आम्ही दोघांनी भारताचा पासपोर्ट सरेंडर केला कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानतच नाही, दुसरं घेतलं की पहिलं गेलं. मग ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड. त्याच्या नावात सिटिझन आहे म्हणून लोकांना वाटतं भारताचं पण नागरिकत्व आहे, तसं काही नाही हो, मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, तो एक आयुष्यभराचा व्हिसा समजा. तेव्हा खऱ्या अर्थाने दोन देशांची नागरिक घरात ती एकटीच.

आता दोन देशांची आहे म्हणजे दोन्हीकडच्या सीटवर हक्क, हे आम्हालाही वाटत होतं. आमचं गणित असं की ओंटारिओत फॉर्म भरायचा आणि न्यू जर्सीतल्या सरकारी मेडिकल स्कूललाही भरायचा, जन्मच तिथला आहे. म्हणून लेकीने तिथल्या एका ॲडमिशन ऑफिसला फोन केला, स्पीकरवर, मी भाजी निवडत शेजारी. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, सध्या राहता कुठे? कॅनडा. आई-वडील कुठे राहतात? कॅनडा. टॅक्स कुठे भरतात? कॅनडा. मग तुम्ही आमच्या राज्याच्या रहिवासी नाही, आउट ऑफ स्टेट म्हणून भरा. झालं. दोन मिनिटांत २००४चा जन्मदाखला रद्दी झाला.

आणि मला एकदम सांगलीचं सेतू कार्यालय आठवलं. आपल्याकडे नाही का, राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी नॅशनॅलिटी-डोमिसाईल पाहिजे, शिवाय दहावी-बारावी महाराष्ट्रातून पाहिजे, आणि बाप बदलीच्या नोकरीत असेल तर पोरगं अस्सल मराठी असूनही बाहेरचं ठरतं. अमेरिकेत डिट्टो तेच. पासपोर्ट देशाचा पण सीट राज्याची. टेक्सासमध्ये तर सरकारी मेडिकल स्कूलच्या ९० टक्के सीट कायद्यानेच टेक्सासवाल्यांना. कॅनडातही वेगळं नाही, इथल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या हिशेबात ओंटारिओचे रहिवासी कोण, तर १४व्या वाढदिवसानंतर निदान तीन वर्षं ओंटारिओत राहिलेले. ते आमच्याकडे होतं, सुदैवाने. त्यात २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ओंटारिओ सरकारने जाहीर केलं की २०२६च्या बॅचपासून ९५ टक्के सीट ओंटारिओच्या मुलांना आणि उरलेल्या बाकी कॅनडाच्या, परदेशी विद्यार्थी बंद. हे वाचून नवऱ्याने तरी बर्फी आणली, मी म्हटलं अरे फॉर्म तरी भरू दे तिला.

तर अमेरिकन फॉर्ममध्ये नागरिकत्व अमेरिका आणि कायदेशीर रहिवास कॅनडा, ओंटारिओ, अशी खिचडी भरली. मग त्या पासपोर्टचा उपयोग काय, तर आहे, आणि चांगला आहे. अमेरिकेतली कितीतरी मेडिकल स्कूल परदेशी मुलांचा फॉर्मच घेत नाहीत, आणि जी घेतात त्यातली काही म्हणतात की निदान एक वर्षाची, कुठे कुठे चारही वर्षांची फी आधी बँकेत अडकवून दाखवा. लेकीच्या वर्गातला एक पंजाबी मुलगा, नुसता कॅनेडियन, मार्क हिच्यापेक्षा जास्त, त्याची यादी म्हणून बाराच कॉलेजांची झाली. हिला प्रायव्हेट कॉलेजांत, जिथे राज्य बघत नाहीत, तिथे घरच्या मुलीसारखं भरता आलं. व्हिसा नाही, पुढे रेसिडेन्सीला, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगला, व्हिसाची कटकट नाही.

पण त्यासाठी ती अमेरिकन आहे हे कागदावर जिवंत ठेवायला लागतं आणि इथे आम्ही माती खाल्ली होती. लहान मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, तो संपला, आम्ही म्हटलं बघू. ती सतरा वर्षांची असताना बफेलोला शॉपिंगला निघालो, पीस ब्रिजवर तिचा कॅनडाचा पासपोर्ट पुढे केला. कॅनडाच्या पासपोर्टवर जन्मगाव छापतात. ऑफिसरने पान उलटलं, "एडिसन, यूएसए" वर बोट ठेवलं आणि मागच्या सीटकडे बघून म्हणाला, तू इथे जन्मलीस, मग तुझा अमेरिकन पासपोर्ट कुठाय? अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत अमेरिकन पासपोर्टवरच यायचं असतं म्हणे. त्या दिवशी समज देऊन सोडलं. घरी आल्यावर पहिलं काम टोरोंटोच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट. तुमच्याकडे असं दोन देशांचं लेकरू असेल तर दोन्ही पासपोर्ट चालू ठेवा, आणि दोन्ही निळेच असतात, गडबडीत चुकीचा उचलला जातो, आमच्या लेकीने अमेरिकेच्या कव्हरवर मांजराचं स्टिकर लावलंय.

सोशल सिक्युरिटी कार्डाची, म्हणजे आपल्या आधारसारखा तिकडचा नंबर असतो त्याची, तर वेगळीच कथा. फेडरल, म्हणजे अमेरिकन सरकारच्या, लोनच्या फॉर्मला तो नंबर लागतो. कार्ड सापडेना. तीन दिवस घर उलथंपालथं केलं, नवरा आणि मी एकमेकांशी बोलायचे बंद, आणि शेवटी सापडलं कुठे, तर सांगलीला, सासूबाईंच्या गोदरेजच्या कपाटात, लेकीच्या पत्रिकेबरोबर घडी करून. तिच्या बारशाला गेलो होतो तेव्हा "महत्त्वाचे कागद" म्हणून त्यांनीच ठेवून घेतलेले. व्हिडिओ कॉलवर एकेक आकडा त्यांनी मराठीत वाचून दाखवला.

लोनचं म्हणाल तर आमचं टायमिंग बघा. मेअखेरीस अमेरिकेचा फॉर्म गेला, आणि ४ जुलै २०२५ला तिकडे नवा कायदा सही झाला. आधी ग्रॅड प्लस नावाचं लोन होतं, कॉलेजचा जो काय खर्च असेल तो सगळा त्यातून निघायचा. आता १ जुलै २०२६ पासून नव्या मुलांसाठी ते बंद, मेडिकलला वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर फेडरल लोन, एकूण २ लाखांपर्यंत. प्रायव्हेट कॉलेजची नुसती फीच साठ-सत्तर हजार, वर राहणं-खाणं. वरचे पैसे प्रायव्हेट बँकेकडून काढायचे तर तिथे अमेरिकेत पत असलेला जामीन मागतात, आमची सगळी पत कॅनडात. शेवटी इथल्याच एका बँकेने कॅनेडियन म्हणून तिला लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, द्यायची तयारी दाखवली, अमेरिकेतल्या कॉलेजसाठी सुद्धा. एका पासपोर्टचं भोक दुसऱ्या पासपोर्टने बुजवलं.

फॉर्म दोन देशांचे म्हणजे काम दुप्पट, हे कुणी सांगत नाही. एमकॅट परीक्षा मात्र दोन्हीकडे एकच, साडेसात तास, मार्क ४७२ ते ५२८ (हे आकडे कुठून काढले देव जाणे, आपलं ७२० पैकी किती हे बरं), आणि मॅकमास्टर त्यातला फक्त कार्सचा, म्हणजे उतारे वाचून उत्तरं द्यायचा, भाग बघतं. पण जीपीएचा, म्हणजे कॉलेजच्या मार्कांच्या चारपैकी सरासरीचा, हिशेब दोन्हीकडे वेगळा. ओंटारिओच्या तक्त्यात तिचे ९०च्या वरचे सगळे ४.०, ८० ते ८४ला ३.७, आणि ७९ला एकदम ३.३. सेकंड इयरच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये तिला नेमके ७९. त्या एका मार्कावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी घर घेताना झाली नव्हती.

सगळ्यात मजा ॲक्टिव्हिटीजची. अमेरिकेला पंधराच सांगायच्या पण प्रत्येकीवर ७०० अक्षरं, त्यातल्या तीन लाडक्या असतील तर आणखी लिहा, मन मोकळं करा. ओंटारिओला बत्तीसपर्यंत सांगा पण प्रत्येकीला १५० अक्षरं, आणि प्रत्येकीला साक्षीदार, नाव-फोन-ईमेलसकट. मंडळाच्या गणपतीत ती सलग सहा वर्षं ढोल-ताशा पथकात आणि प्रसादाच्या काउंटरवर होती. अमेरिकेसाठी त्यावर मस्त भावुक परिच्छेद झाला. ओंटारिओसाठी ते सगळं दीड ओळीत कोंबलं आणि साक्षीदार म्हणून मंडळाच्या खजिनदार काकांना टाकलं, तर काका रोज मेसेज करायचे, "आला नाही गं फोन अजून, मी इंग्लिशमध्ये तयारी करून ठेवली आहे."

ताईंनी मध्येच नीटचा विषय काढला, इकडेच ये म्हणावं, आम्ही आहोत. खरं तर दार बंद नाही. ४ मार्च २०२१च्या नोटिफिकेशनने ओसीआयवाल्यांना एनआरआय सीटपुरतं ठेवलं होतं, पण फेब्रुवारी २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांचं ओसीआय त्या तारखेच्या आधीचं आहे त्यांचा जनरल सीटचा हक्क शाबूत. हिचं कार्ड २००७चं. पण राज्याच्या कोट्याला परत तेच, डोमिसाईल आणि महाराष्ट्रातली दहावी-बारावी. आणि एमबीबीएस करून परत कॅनडात यायचं तर परदेशी डॉक्टरांच्या रांगेत उभं राहायचं, ती रांग आमच्या ओळखीतल्या दोन जणांनी बघितलीय, त्यातले एक सध्या क्लिनिकमध्ये ॲडमिनला आहेत. ताईंना एवढं सगळं नाही सांगितलं, नुसतं "बघू" म्हटलं.

तर आज काय स्थिती. अमेरिकेतून सोळा कॉलेजांपैकी नऊ नकार, चार गप्प, तीन इंटरव्ह्यू, आणि जानेवारीत पेनसिल्व्हेनियाच्या एका कॉलेजातून होकार. ओंटारिओत दोन इंटरव्ह्यू झाले. आता गंमत अशी की अमेरिकेच्या नियमाने ३० एप्रिलपर्यंत एकच कॉलेज हातात ठेवून बाकीची सोडायची असतात, आणि ओंटारिओची पत्रं येतात मेमध्ये. फी तिकडे साठ-सत्तर हजार अमेरिकन, इकडे पंचवीस हजार कॅनेडियनच्या आसपास. म्हणजे हो म्हणायचं, डिपॉझिट भरायचं, आणि ते बुडावं अशी मनातल्या मनात प्रार्थना करायची.

परवा भरलं. रात्री लेकीने स्वतः सांगलीला फोन लावला. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, पेनसिल्व्हेनिया दोनदा म्हणून बघितलं, आणि विचारलं, "मग ते कार्ड आता परत पाठवू का इथेच ठेवू?"