अगदी तुझ्यासारखा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दादाची धाकटी दुपारी जे बोलून गेली ते एव्हाना ती विसरलीही असेल. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली, हिने दिलेला कोथिंबीरवड्यांचा डबा आठवणीने पिशवीत टाकला, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि फोनवर कोणाशी तरी खिदळत जिना उतरली. मी मात्र तिचे ते एक वाक्य घेऊन बसलो आहे. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखे झाले आहे; दुखत काही नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते.

“काका, हा माणूस चिडला की अगदी तुझ्यासारखा दिसतो.” एवढेच ती म्हणाली. पडद्यावर तेव्हा ‘हॉपस्कॉच’ या हेरपटातला तापट साहेब मायर्सन होता. जॉर्जियातल्या त्याच्या स्वतःच्या घरावर त्याच्याच देशाच्या एफबीआयची माणसे गोळ्या झाडत होती, आत कोणीही नसताना फटाक्यांच्या आवाजाला उलट गोळीबार समजत होती, आणि हा गृहस्थ बाहेर उभा राहून लालबुंद चेहऱ्याने किंचाळत होता. ती हसली, तिच्या मागोमाग ही हसली, मग मीही हसलो. माझे हसणे दोघींच्या मानाने अर्ध्या क्षणाने उशिरा आले, आणि ते हिच्या लक्षात आले असावे, कारण तिने लगेच उठून चहाचे विचारले.

‘हॉपस्कॉच’ हा चित्रपट मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब ठेवलेला नाही. पहिल्यांदा पाहिला तो भाड्याच्या व्हीसीआरवर, कॉपीची कॉपी असलेल्या कॅसेटवरून, ज्यात माणसांच्या कडांना हिरवट रंग फुटलेला होता आणि संवाद निम्मेही कळत नव्हते. कॅसेट कोणी आणली होती ते आज लिहीत नाही. तो असता तर दुपारच्या प्रसंगावर सर्वांत मोठ्याने तोच हसला असता.

चित्रपट १९८० चा. त्याच्या आदल्याच वर्षी जेम्स बाँडला थेट अंतराळात पाठवण्यात आले होते, आणि इथे मात्र साठीला टेकलेला, खांदे पडलेला, रविवारी सकाळी दूध आणायला निघाल्यासारखा चालणारा वॉल्टर मॅथाऊ हा अमेरिकेचा मुरलेला हेर माइल्स केंडिग म्हणून समोर येतो. सुरुवात म्यूनिकच्या बिअर महोत्सवात होते. तिथे केंडिग रशियन हेर यास्कोव्हकडून चोरलेली मायक्रोफिल्म काढून घेतो आणि यास्कोव्हला मात्र सोडून देतो. त्याचे कारण अस्सल सरकारी आहे. यास्कोव्हला पकडले तर त्याच्या जागी नवा माणूस येणार, आणि तो कोण, कसा वागतो, हे शोधण्यात पुन्हा वेळ जाणार. त्यापेक्षा ओळखीचा शत्रू बरा. हा शहाणपणा वरिष्ठाला, म्हणजे नेड बीटीने उभ्या केलेल्या मायर्सनला, पटत नाही. तो केंडिगला बाहेरच्या कामावरून काढून निवृत्तीपर्यंत फायलींच्या टेबलावर बसवतो. केंडिग वाद घालत नाही. तो स्वतःची फाइल यंत्रात घालून तिच्या चिंध्या करतो, साल्झबर्गला जुन्या मैत्रिणीकडे, म्हणजे ग्लेंडा जॅक्सनच्या इसोबेलकडे, निघून जातो आणि आपल्या खात्याची सारी लाजिरवाणी कृत्ये आठवणींच्या रूपात लिहायला घेतो. एकेक प्रकरण लिहून झाले की ते मायर्सनला आणि जगभरच्या हेरखात्यांच्या प्रमुखांना टपालाने पाठवायचे, आणि पाठीमागे लागलेल्यांना या देशातून त्या देशात नाचवत राहायचे, एवढाच पुढचा खेळ. संपूर्ण चित्रपटात एकही माणूस मरत नाही. केंडिग कोणावरही शस्त्र चालवत नाही; त्याचे सगळे काम टंकलेखनयंत्रावर चालते आणि सोबतीला मोत्सार्टचे संगीत असते. मॅथाऊ स्वतःही मोत्सार्टवेडा होता.

मूळ कादंबरी ब्रायन गारफिल्डची, १९७५ ची. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयएच्या उचापतींची चौकशी सुरू केली तेही याच वर्षी, त्यामुळे हेरखात्याची लाज चव्हाट्यावर येणे ही तेव्हा कल्पनेतली गोष्ट राहिलेली नव्हती. चार्ल्स ब्रॉन्सनच्या १९७४ च्या गाजलेल्या सूडपटाची कादंबरीही गारफिल्डचीच. त्या चित्रपटात हिंसेचा जो गौरव झाला तो त्याला अजिबात रुचला नव्हता. ‘हॉपस्कॉच’च्या पटकथेत तो स्वतः सहभागी होता, आणि ज्याच्या गोष्टीवरून पडद्यावर मुडदे पडले त्यानेच पुढे एकही मुडदा न पाडता हेरकथा रचावी, हे मला या चित्रपटाइतकेच आवडते. एवढे असून आमच्या पिढीतही तो पाहिलेली माणसे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. हेरपट म्हणून बसलेल्याला त्यात मारामारी सापडत नाही, आणि विनोदी म्हणून बसलेल्याला ठिकठिकाणी हसायला सांगणारे कोणी नसते.

पण मला आज लिहायचे आहे ते हे नाही.

लिहायचे आहे ते असे, की इतकी वर्षे हा चित्रपट पाहताना मी केंडिग होतो. हे मी कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हे. साहेबांनी मला ज्या आठवड्यात जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवले, त्या आठवड्यात मी तो सलग दोनदा पाहिला. त्या खोलीत एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर कपाट होते. मी काही फाइल फाडली नाही, आठवणी लिहिल्या नाहीत. ठरलेल्या वेळी गेलो आणि ठरलेल्या वेळी आलो. पण जिन्यावरून उतरताना मनातल्या मनात मोत्सार्ट गुणगुणत उतरत असे, आणि मला वाटे, मला ओळखणारा कोणी ना कोणी हे ओळखत असेल. घरातल्या माणसांना तरी दिसत असेल, की हा वरवर चिडका, आतून मिश्कील, कोणाच्या हाती न लागणारा माणूस आहे. आज कळले, की दिसले ते वरवरचेच. आणि तेही मायर्सनसारखे.

हे लिहून पुन्हा वाचले तर स्वतःचीच कीव यावी असे झाले आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने पुतणीच्या थट्टेवरून असे हिरमुसावे, हेही शोभत नाही. पण शोभत नाही म्हणून ते जात नाही. तिला मी शाळेत सोडायला जात असे, तिचे दात पडले तेव्हा ते जपून ठेवले, ती बारावीला असताना रात्री अकराला भूगोलाच्या पुस्तकासाठी अर्धे गाव पालथे घातले, आणि या सगळ्यातून तिच्या मनात माझे जे चित्र तयार झाले ते नेड बीटीचे?

बीटीला कमी लेखायचे नाही. तो मोठा नट होता आणि हा मायर्सन त्याने इतका चोख उभा केला आहे की त्याच्या मानेची शीरही अभिनय करते. पहिल्या वेळी मला त्याच्या शिव्या कळल्याच नव्हत्या. वाटले होते, माणूस फार घाईत बोलतो. पुढे चांगली डिस्क मिळाली, खाली अक्षरे उमटू लागली, आणि हा प्रत्येक वाक्यागणिक काय बोलतो ते पहिल्यांदा समजले. या चित्रपटाला अमेरिकेत प्रौढांचे प्रमाणपत्र मिळाले ते केवळ भाषेमुळे. जुने चित्रपट डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने काढलेल्या डिस्कवर म्हणूनच दोन आवाज आहेत: एक मूळ, आणि दुसरा टीव्हीसाठी शिव्या धुऊन काढलेला. आज धाकटी असल्यामुळे मी मुद्दाम दुसरा लावला होता. म्हणजे मायर्सनचा सोज्ज्वळ अवतार पाहून तिला मी आठवलो. मूळ आवाज लावला असता तर काय झाले असते, कोण जाणे.

आणि इथेच मला थांबावे लागते, कारण माझेही दोन आवाज आहेत. कचेरीत मी कधी कोणाला अरे-तुरे केलेले नाही; तिथे माझा धुतलेला आवाज असतो. मूळ आवाज घरी लागतो. आज सकाळचेच पाहिले तर, गॅलरीतला नळ दुरुस्त करायला येणारा माणूस दहाऐवजी साडेअकराला आला, तेव्हा मी त्याला एक शब्द बोललो नाही, उलट पाणी विचारले. तो गेल्यावर मात्र पान्याने पडलेल्या एका ओरखड्यावरून अर्धा तास जे काही बोललो ते सगळे ह्या दोघींनी ऐकले. धाकटी तेव्हा सोफ्यावर पाय घेऊन बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. दुपारचे ते वाक्य सकाळीच तयार झाले असणार. मायर्सन फक्त निमित्त झाला.

शिवाय दप्तरांच्या खोलीची गोष्टही मी वर अर्धीच लिहिली. मी तिथून बाहेर आलो तेव्हा ती खोली रिकामी राहिली नाही. तिथे कोणाला पाठवायचे त्या टिपणावर माझी सही होती. ते गृहस्थ एक शब्दही बोलले नाहीत, फक्त आपले पेन आणि चष्म्याचे घर उचलून गेले. जिन्यावर काय गुणगुणत असतील, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नव्हता. असो.

चित्रपटाच्या नावाचा अर्थ तिने विचारला तेव्हा मी ‘ठिकरी’ असे सांगितले. तिला ठिकरीही ठाऊक नव्हती. म्हणून मध्यंतरात (आम्ही अजूनही चहासाठी मध्यंतर घेतो) दिवाणखान्याच्या फरशा याच चौकोन समजून, हिच्या बटणांच्या डबीतले एक मोठे बटण ठिकरी म्हणून टाकून, मी तिला लंगडी घालत दाखवले. रेघेवर पाय पडला की बाद, ठिकरी पडलेल्या घरात पाय टाकायचा नाही, परत येताना ती वाकून उचलायची, आणि हे सगळे एका पायावर. तिसऱ्या घरात माझा गुडघा कटकन वाजला. ती धावत आली, मला धरले आणि म्हणाली, “काका, राहू दे, कळलं.” त्या वेळी मी तिला मायर्सन वाटलो नसेन अशी आशा आहे. मायर्सन लंगडी घालणार नाही.

शेवटी शेवटी केंडिग इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जुने दोन मजली पंखांचे विमान सोडतो, मायर्सन हेलिकॉप्टरमधून त्यावर गोळ्या झाडतो, विमानाचा समुद्रावर स्फोट होतो आणि केंडिग मेला असे सगळे धरून चालतात. विमान तो जमिनीवरून चालवत होता. मग काही महिन्यांनी तो पगडी आणि दाढी लावून, शीख बनून, दुकानात आपलेच पुस्तक विकत घ्यायला जातो. या जागी मी दरवेळी हसत आलो. धाकटीने मात्र भुवया उंचावल्या आणि हे आता कोणी खपवून घेणार नाही असे म्हणाली. तिचे खरे आहे. ती दाढी आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकातही कोणी लावली नसती. तरीही पुस्तक हातात घेतल्यावर मॅथाऊच्या डोळ्यांत जे येते ते मला कोणत्याही दाढीआडून दिसते, आणि ते पाहायलाच मी इतकी वर्षे शेवटपर्यंत बसतो.

जेवणानंतर मी स्वतःशी एक तडजोड करून पाहिली. केंडिग नसेन तर नसेन, पण मायर्सनच कशासाठी? मधे सॅम वॉटरस्टनचा कटर आहे, जो गुरूचा पाठलाग करतो, गुरू जिवंत आहे हे ओळखतो आणि गप्प राहतो. पण कटर तरुण आहे, देखणा आहे, आणि तेवढा निर्लज्ज मी नाही. मग यास्कोव्ह. हर्बर्ट लॉमचा यास्कोव्ह म्हणजे शांत, सुसंस्कृत, शत्रूवर मनापासून प्रेम करणारा माणूस. त्याच्या आवाजाला पट्टी वर नेण्याची गरजच पडत नाही. हे मला पटले. अंथरूण घालता घालता हिलाही सांगितले, की मी खरे तर यास्कोव्हसारखा आहे. ती उशीला अभ्रा चढवत होती. म्हणाली, “म्हणजे तोच ना, त्या क्लूझोच्या चित्रपटांतला? हाताखालच्या माणसापायी ज्याला वेड लागतं?”

तोच. हर्बर्ट लॉमला जगाने ओळखले ते ‘पिंक पँथर’ चित्रपटांतल्या इन्स्पेक्टर क्लूझोच्या साहेबाच्या, ड्रायफसच्या, भूमिकेमुळे, आणि डोळा फडफडवत भडकणारा त्याच्यासारखा वरिष्ठ दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात मी पाहिलेला नाही. म्हणजे यास्कोव्हच्या आडही एक मायर्सन बसलेलाच होता. यावर मला खरोखरीचे हसू आले, दुपारसारखे उसने नव्हे, आणि ही अभ्रा तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

हिने दिवा मालवला, पण मला झोप येईना, म्हणून इथे येऊन बसलो आणि इतके लिहिले. लिहिता लिहिता वाटले, शेवटचा तो दुकानातला प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा. रिमोट टीव्हीपाशी नव्हता, सोफ्यावर नव्हता, सोफ्याखालीही नव्हता. हे घर आहे की धर्मशाळा, एक वस्तू जागच्या जागी ठेवायची म्हणून कोणाला कळत नाही, दुपारी शेवटी कोणाच्या हातात होता, असे मी विचारले. मनात विचारले असे वाटले होते.

आतून हिचा आवाज आला, झोपेने जड झालेला.

“मायर्सनसाहेब, झब्ब्याचा खिसा बघा.”

खिशातच होता.