आमची वाटचाल: डीटीपीच्या गाळ्यातून चित्रकथेकडे

आमचं दुकान मुळात डीटीपीचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) एक छोटा गाळा, एक कॉम्प्युटर आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. पुस्तकं काढायचं खूळ बायकोचं. ती रविवारी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग, घ्यायची. दाखवायला होती ती परदेशातून आलेली जुनी चित्रं: हिरवी कुरणं, निळ्या डोळ्यांची पोरं. ज्या गावातून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, तिथल्या मुलांना आपल्या शिवाराचं एक चित्र मिळू नये, हे तिला खुपायचं.

पहिली चित्रकथा हरवलेल्या मेंढराची. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दाखला (येशूनं सांगितलेली बोधकथा), पण मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी. कच्ची पानं घेऊन आम्ही राहुरीकडे एका धनगरवाड्यावर गेलो. एका पोरीनं पान उलटं-सुलटं करून पाहिलं. “हे कुठलं मेंढरू? आमची तर काळी असत्यात.” चित्रकारानं कापसाचे गोळे काढले होते! दख्खनी मेंढी काळी, काटक, लोंबत्या कानांची. सगळी पानं पुन्हा काढली.

एवढं होऊनही पेरणाऱ्याच्या दाखल्यात फसलोच. त्यात बी वाटेवर पडतं, खडकाळीत पडतं, काट्यांत पडतं. आमचा शेतकरी मूठमूठ बाजरी उधळत चाललेला. हजार प्रती छापून आल्या आणि वर्गातला एक मुलगा म्हणाला, “ह्याच्याकडं पाभर नाही का?” बरोबरच होतं. पाभर म्हणजे बी पेरायचं बैलाचं अवजार; तिच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरली की बी नळ्यांतून सरळ तासात पडतं, वाटेवर जाईल कसं? त्या हजार प्रती विकायला चार वर्षं लागली.

दुसऱ्या आवृत्तीत बायकोनं शेतकरी काढून आजी आणली. मेथी फोकणारी, म्हणजे हातानं उधळून पेरणारी. मेथी आपल्याकडे फोकूनच टाकतात, वाफ्याच्या कडेला पायवाट असते, चिमण्या टपलेल्या असतात, पलीकडे बाभळीचं कुंपण. दाखला जागच्या जागी बसला. एका पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) मात्र आवडलं नाही. “पेरणारा पुरुष आहे, तुम्ही म्हातारी कशी घातली?” बायको म्हणाली, “दुसऱ्या दाखल्यात हरवलेलं नाणं शोधणारी बाईच आहे ना, साहेब?” ते काही बोलले नाहीत. पुस्तकंही घेतली नाहीत.

धंद्याचं म्हणाल तर, सोळा पानांचा एक फॉर्म (एकाच कागदावर छापून घडी घातलेला), मधे दोन पिना. गोष्ट तेरा चित्रांत संपली तरी सोळा भरायचीच, म्हणून मागे रंगवायला बैलगाडी, जातं, चूल. मुलं आधी तीच पानं उघडतात. सर्वांत जास्त विक्री सप्टेंबरात, हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेत. पाऊस आला की पुस्तकांवर प्लॅस्टिक, आमच्यावर काही नाही. घर अजून लग्नपत्रिकांवरच चालतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

सध्या मोहरीच्या दाण्यावर अडलोय. दाखल्यात त्याचं झाड होऊन फांद्यांवर पाखरं बसतात. आमच्या मुलांना मोहरी ठाऊक ती फोडणीतली. चित्रकार म्हणतो, मी झाड पाहिल्याशिवाय काढणार नाही. म्हणून गाळ्याच्या पायरीवर कुंडीत चार दाणे टाकलेत. गुडघ्याएवढी आलीत. पाखरू अजून एकही फिरकलेलं नाही. शेजारच्या चहावाल्याची शेळी मात्र रोज येऊन बघून जाते.