थर्मासमधले रक्त

उपनगरातल्या संकलन केंद्रांतून परळला आमच्या प्रयोगशाळेत येणारी रक्ताची प्रत्येक ट्यूब बर्फाच्या डब्यात ठेवायची, ही नमुने आणणाऱ्या मुलांची सवय इतकी मुरलेली आहे की क्रायोग्लोब्युलिनच्या तपासणीत नेमकी तीच घात करते, हे पटवायला मला अर्धा पावसाळा लागला.

क्रायोग्लोब्युलिन म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या खाली साक्यासारखी तळाशी बसणारी आणि पुन्हा ऊब मिळताच विरघळणारी प्रतिपिंडे. गार डब्यात ती वाटेतच साकळून गुठळीत अडकतात. मग वर उरलेल्या सीरममध्ये, म्हणजे गुठळीवरच्या द्रवात, शोधण्यासारखे काही राहत नाही आणि ‘आढळले नाही’ असा अहवाल निघतो. मुंबईत कुठली आली थंडी, असे विचारणाऱ्यांनी रक्त घेण्याच्या वातानुकूलित खोल्या आठवाव्यात. काही रुग्णांच्या प्रथिनांना तेवढा गारवाही पुरतो.

म्हणून सिरिंज आणि गोठणरोधक नसलेली ट्यूब आधीच कोमट करून घ्यावी, नमुना ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासमधून आणावा, पूर्ण गुठळी होईपर्यंत तासदोन तास वॉटर बाथमध्ये ठेवावा आणि वेगाने फिरवून गुठळी वेगळी करणारे सेंट्रिफ्यूजही ऊबदार असावे. गुठळी अर्धवट राहिली, तर उरलेले फायब्रिन, म्हणजे गुठळी बांधणारे प्रथिन, थंडीत साक्याचे सोंग घेते.

त्यानंतर सीरम ४ अंशांवर ठेवून सात दिवस वाट पाहायची. एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचा साका बहुधा दिवसभरात दिसतो, मिश्र प्रकारांना मात्र कित्येक दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी अहवालासाठी फोन करणाऱ्या डॉक्टरांना मी हेच सांगते. साका दिसला तरी त्यातला थोडा भाग ३७ अंशांवर विरघळतो का, हे पाहिल्याशिवाय मी काही लिहीत नाही. मग तो थंड सलाइनने वारंवार धुऊन इम्युनोफिक्सेशनने, म्हणजे कोणती प्रतिपिंडे आहेत हे ओळखणाऱ्या चाचणीने, प्रकार ठरवायचा. एक एकाच प्रतिपिंडाचा आणि दोन मिश्र, अशी तीन प्रकारांची ही वर्गवारी १९७४ सालची, पण आजही तीच चालते. मिश्र प्रकार आढळला की हिपॅटायटिस सी तपासलेच पाहिजे.

पायांवर जांभळे ठिपके आणि सी४ हे रक्तातले प्रतिकारशक्तीचे प्रथिन कमी, अशी क्रायोग्लोब्युलिनचा संशय येणारी चिन्हे असलेल्या एका रुग्णाचा बर्फातून आलेला नमुना असाच कोरा निघाला होता. दुसऱ्या वेळी त्यांना परळलाच बोलावून रक्त घेतले, तेव्हा पाचव्या दिवशी ट्यूबच्या तळाशी पांढरा थर दिसला. तेव्हापासून गार आलेला नमुना मी तपासायला घेतच नाही. तो परत पाठवते आणि नव्याने रक्त मागवते.